घरीच होता

सरोजिनीबाईंचा खून झाला त्या दुपारी जुळे सोलापूर ह्या वस्तीत लाईट नव्हती, एवढ्या एकाच गोष्टीवर अख्ख्या शहराचं एकमत आहे. बाकी ज्याची त्याची कथा वेगळी. कोण म्हणतं, पुतण्यानं मारलं, घरापायी. कोण म्हणतं, छे, कधीकाळी गड्ड्याच्या जत्रेत हरवलेलं आणि आईबापाला कधीच न सापडलेलं एखादं पोर मोठं होऊन सूड उगवायला आलं असणार. आता सूड बाईंवर कशाला उगवायचा, त्या तर पोरं शोधून द्यायच्या, असं विचारलं की सांगणारा म्हणतो, "तेच तर!" आणि चहाचा कप खाली ठेवून असा बघतो, की तपास जणू त्याच्याकडंच दिलाय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मेलेल्या माणसाची इतकी वाटणी तर वारससुद्धा करत नाहीत.

पण लोकांना तरी काय बोल लावायचा? बाई सगळ्यांच्याच होत्या. जानेवारीत सिद्धेश्वराची जत्रा भरते, तो सोलापूरकरांचा गड्डा. तिथं हरवलेल्या पोरांच्या मांडवात बसून सरोजिनीबाई माईकवर बोलायच्या. शाळेत शिकवत होत्या तेव्हापासून, ते निवृत्त होऊन केस पांढरेधोप झाले तरी. "निळा सदरा, पायात एकच चप्पल, नाव सांगत नाही, पण तेलुगूत रडतोय. आईनं लगेच मांडवात यावं." पाळण्यांच्या घरघरीवरून तो आवाज सगळीकडं पोचायचा. निम्मं सोलापूर कधी ना कधी त्यांच्या टेबलावर बसून, चुरमुरे खात, आईची वाट बघत बसलेलं आहे. आणि आई धापा टाकत आली तरी बाई पोर लगेच हातात द्यायच्या नाहीत. "खूण सांगा," म्हणायच्या. अंगावरचा तीळ, भाजल्याचा डाग, काहीतरी. आईला आपलं पोर ओळखता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

अशा बाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच खलबत्त्यातल्या बत्त्यानं कुणीतरी मारलं. घरातलं काही गेलं नाही. गल्लीतले कॅमेरे लाईट नसल्यानं आंधळे झालेले. कूलर बंद, पंखे बंद, माणसं दारं लावून घामाघूम झोपलेली. कुणी काही पाहिलं नाही की ऐकलं नाही.

बाईंच्या भिंतीला भिंत लागून विजयमाला राहायची. ती मूळची केमची, कुंकवाच्या गावची. नवरा मानसिंग रेल्वेत होता. तो गेल्यापासून त्या रो हाऊसमध्ये ती आणि तिचा एकुलता एक इंद्रजीत, दोघंच. इंद्रजीत तिशीला टेकलेला. कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. हाताचा चांगला, तोंडाचा फटकळ. लहानपणी एकदा तोही गड्ड्यावर हरवला होता. तेव्हा विजयमालानं रडत रडत सांगितलं होतं, "डाव्या कानामागं चटका हाय बघा, चुलीतली काडी लागलीया." मग बाईंनी त्याला उचलून तिच्या कडेवर दिला. पुढं योगायोगानं त्याच बाई शेजारी राहायला आल्या, आणि इंद्रजीतला आयुष्यभर दोन आया झाल्या. एक रागवायची, दुसरी त्याहून जास्त रागवायची.

खुनाच्या आदल्या आठवड्यात बाईंनी त्याला भर गल्लीत झापला. त्यांनी एका शोरूममध्ये शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं आणि हा पठ्ठ्या मालकाशी भांडून नोकरीवर लाथ मारून आला होता. बाई फाटकात उभ्या राहून बोलत सुटल्या. शाळामास्तरीण बाई, त्यात माईकचा सराव. शेवटी इंद्रजीत वैतागून ओरडला, "काकू, तुमचा माईक येकदा कायमचा बंद करायला पायजे!" गल्ली हसली. बाईसुद्धा हसल्या. खून झाल्यावर मात्र कुणालाच आपण हसल्याचं आठवेना. वाक्य तेवढं प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

त्या दुपारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटावं. विजयमाला गार फरशीवर पदर टाकून पडली होती. डोळा लागला आणि उघडला, तर इंद्रजीत दारातून आत येत होता. शर्ट ओला, अंगाला चिकटलेला. तिच्याकडं न बघता तो न्हाणीत गेला, शर्ट बादलीत टाकला, डोक्यावर पाणी घेतलं आणि आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला.

"जेवतोस का रं?" तिनं विचारलं. त्यानं उशी कानावर ओढून घेतली. कुठंतरी बिनसलं असेल, म्हणून तिनंही पुन्हा विचारलं नाही.

थोड्या वेळानं शेजारून दगडाबाईची किंकाळी आली. दगडाबाई बाईंकडं भांडी घासायला यायची. विजयमाला अनवाणी धावली. स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. बाई ओट्याशी पडल्या होत्या आणि चष्मा डोळ्यांवर तसाच होता. तो चष्मा तिला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिला, रक्तापेक्षाही जास्त.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण ती सोलापुरात कुणालाच ठाऊक नव्हती. विजयमाला घरी परत आली. बाहेर गर्दी जमत होती, कुणी पोलिसांना फोन लावत होतं. ती सरळ न्हाणीत गेली, बादलीतला शर्ट काढला आणि धुवायला लागली. साबण लावला, घासला, पिळला, पुन्हा साबण लावला. पहिलं पाणी तिनं मोरीत ओतताना पाहिलं. तांबूस होतं. म्हणजे गढूळ होतं. गढूळ म्हणावं का तांबूस, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. केमात लहानपणी घरोघरच्या धुण्याचं पाणी कुंकवानं लाल व्हायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्या दिवशी मात्र ती बादलीभर पाणी मोरीतून पुरतं जाईपर्यंत बघत राहिली. शर्ट दोरीवर टाकून ती बाहेर आली तेव्हा पोलीस पोचले होते.

साहेबांनी सगळ्या गल्लीला विचारलं तेच तिलाही विचारलं. "मावशी, दुपारी घरात कोण कोण होतं?"

"मी आन् माजा ल्योक. घरीच हुता त्यो. जेवून झोपला हुता."

कुणी तिला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तोंडातून गेलं होतं. माय म्हणजे अशीच, असं कुणीही म्हणेल. विजयमालाही स्वतःला तेच सांगत होती.

तिकडं इंद्रजीतला वेगळं बसवून विचारलं, तर तो खरं तेच बोलला. सकाळी होटगी रोडवरच्या एका दुकानात कामाचं विचारायला गेलो होतो, नाही म्हणाले. तसाच पुढं होटगीला गेलो आणि स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो, गाड्या बघत. बाप रेल्वेत होता, मन उदास झालं की मी तिथं जातो. फोन? फोनची बॅटरी संपली होती, घरीच राहिला. नंतर मोबाईल कंपनीनंही तेच कळवलं की फोन शेवटी लागला तो घरीच. झालं! आई म्हणतेय घरी होता, फोन म्हणतोय घरी होता, आणि एकटा इंद्रजीत म्हणतोय होटगीला होतो. ज्याचं घर खुनाच्या भिंतीला लागून आहे, त्यानं घरी असताना बाहेर होतो म्हणून का सांगावं? एक शिपाई होटगीला जाऊन वरवर विचारून आला. पण सख्खी आई घरी होता म्हणत असताना कुणी फार खणत बसलं नाही. खरं बोलणारा खोटा ठरला, आणि तो आईच्या सावरण्यानंच ठरला.

त्याला तीन दिवस बसवून, पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. घरी आला तेव्हा गालफडं बसली होती. चहाची बशी हातात घेऊन म्हणाला, "आई, घरीच हुता म्हणून कशाला सांगितलंस गं?"

"घाबरले रं."

तो हसला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "येडी हायस बघ. मला वाचवायला गेलीस आन् मलाच गुतवलंस की. जाऊ दे. तुज्यासारकी आई असल्यावर मला काय हुतंय?" मग दोरीकडं बघून म्हणाला, "त्या गडबडीत शर्ट बी धुतलास व्हय माजा?" आणि त्याचे डोळे भरून आले. विजयमालाला वाटलं, धरणी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

आपण खोटं बोललो, असं साहेबांना जाऊन सांगावं, हे तिच्या मनात रोज यायचं. पण सांगितलं तर ते विचारणार, का? आणि त्या 'का'च्या मागं तो ओला शर्ट लटकत होता.

मग दहावा आला. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या घाटावर बायका सहसा जात नाहीत, पण बाईंच्या दहाव्याला गेल्या. शहर लोटलं होतं. पुतण्या हृषीकेश पुण्याहून आला होता, त्यानं पिंड मांडला. कावळे लिंबावर बसलेले, पण खाली एक उतरेना. हृषीकेश हात जोडून म्हणाला, "काकू, तुमच्या नावानं शाळेत बक्षीस ठेवीन." कावळा हलेना. "खुनी सापडल्याशिवाय गप्प बसणार नाही." कावळ्यानं मान वाकडी करून बघितलं, एवढंच. मग अनिलकुमार पुढं झाले. हे आमचे कॉलनीचे अध्यक्ष, कचेरीतून निवृत्त झालेले, आणि कॉलनीच्या फोनवरच्या ग्रुपचे कर्तेकरविते. त्यांनी चौकाला बाईंचं नाव द्यायचा शब्द दिला. कावळ्याला चौकाशी काय करायचं? तो आपला फांदीवरच.

ऊन चढलं. गर्दीतून मागून कुणीतरी पुटपुटलं, "शिवंल कसा? करनारा हितंच हुबा असल्यावर."

एक एक मान वळत गेली. कुणी बोट दाखवलं नाही, पण सगळे इंद्रजीतकडंच बघत होते. त्यानं खाली मान घातली आणि गर्दीतून वाट काढत पायऱ्या चढून निघून गेला. त्याची पाठ फिरली न फिरली तोच कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे काय लोकांना माहीत नाही? पण सोयीचा असेल तेव्हा कावळासुद्धा साक्षीदार होतो. कुणीतरी फोनवर सगळं टिपलंच होतं. संध्याकाळपर्यंत ते अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत पोचलं. इंद्रजीतच्या पाठीवर लाल बाण काढलेला, मागं बाईंचाच गड्ड्यावरचा जुना आवाज लावलेला: जिथं असाल तिथून या.

एप्रिल-मे म्हणजे कूलरवाल्याची सुगी. त्या साली इंद्रजीतला कुणी दारात उभं करीना. सोलापूर भट्टीसारखं तापलेलं, घराघरात कूलर ठप्प, आणि शहरातला चांगल्यातला चांगला कारागीर दिवसभर पायरीवर बसून पान्ह्यांना तेल लावायचा. भाजीवाला गुरप्पा तेवढा आधीसारखा बोलायचा. "इंदरभाऊ, लोकाचं काय मनाला लावून घेऊ नको की," म्हणायचा. पण त्याचाही गाडा हल्ली चार घरं पुढं थांबायचा.

आणि घरात विजयमालाला वेगळाच जाच सुरू झाला होता. बाईंच्या घराला पोलिसांनी सील लावलं होतं, पण आतली दारावरची घंटी तशीच चालू होती. लाईट जाऊन आली की ती आपोआप वाजायची, आरतीच्या चालीवर. उन्हाळ्यात लाईट काय कमी वेळा जाते? भिंतीपलीकडं, रिकाम्या घरात, आरती सुरू व्हायची आणि विजयमालाच्या हातातला घास तसाच राहायचा. आरती संपली की तिला वाटायचं, आता बाई बोलणार. माईकवर घसा खाकरल्याचा तो आवाज तिला ऐकू यायचा. विजयमाला, खूण सांगा. पोर तुमचंच आहे कशावरून? ती कानावर पदर दाबून बसायची.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते उगाच नाही. इंद्रजीत झोपला की ती त्याचे हात बघत बसायची. मोटारी उचलून घट्टे पडलेले, नखांत ग्रीस. ह्या हातांनी तिला ताप आला तेव्हा पाय दाबले होते. ह्या हातांनी बत्ता उचलला असेल का? मग ती स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी बाईंचं नाव निघालं की त्याच्या चेहऱ्यात काही हलतंय का ते चोरून बघायची. तिनं घरातला बत्ता माळ्यावर टाकून दिला. शेंगाचटणी कुटायची सोडली. तो विचारायचा, "आई, चटणी का करंनास गं?" ती म्हणायची, "हात दुखतुय."

अशात तिला केमची रीत आठवली. तिथं उत्तरेश्वरापुढं बेल उचलतात. देवाच्या पिंडीवरचं पान हातात घेऊन माणूस बोलला की ते खरं. पान हातात असताना खोटं बोललेल्याचं वाटोळं होतं, ही तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. कोर्ट बोलेल तेव्हा बोलेल, पण बेल उचलला की गाव गप्प बसतं. तिला वाटलं, इंद्रजीतनं बेल उचलावा. लोकांची तोंडं बंद होतील. आणि, हे तिनं मनातही मोठ्यानं म्हटलं नाही, आपलंही.

तिनं भीत भीत त्याच्यापुढं विषय काढला. तो रागावेल, अशी तिची कल्पना. तो म्हणाला, "तुला बरं वाटतंय का त्येनं? मग उचलतो की. लोकं गेली खड्ड्यात. तुज्यासाठी उचलतो."

सोमवारी संध्याकाळी कॉलनीतल्या महादेवाच्या देवळात सगळी जमली. अनिलकुमारांनी ग्रुपवर वेळ टाकली होती. लग्नाला जेवढी येत नाहीत तेवढी माणसं आली. पुजाऱ्यानं पिंडीवरचं तीन पानांचा बेल उचलून इंद्रजीतच्या ओंजळीत ठेवला.

"म्हादेवाची आन घेऊन सांगतो," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "त्या दुपारी मी होटगीला हुतो. काकूंच्या उंबऱ्याला माजा पाय लागलेला न्हाय. काकू मला आईसारक्या हुत्या."

मागं कुठंतरी बांगड्या वाजल्या. एका म्हातारीनं "शिव शिव" म्हटलं. विजयमालाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला आपलं पोर दिसलं, लख्ख दिसलं, कितीतरी दिवसांनी. ह्यानं काही केलेलं नाही. आपण केवढं पाप मनात पोसलं! तिला रडूच फुटलं.

पण अनिलकुमार कसले थांबतात? कचेरीत जन्म गेलेला माणूस, कागदाला कागद जुळल्याशिवाय त्यांचा जीव रमत नाही. "ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही तर पोलिसांना तो घरीच होता असं सांगितलंत. दोन्ही खरं कसं?"

"घाबरून बोलली ओ ती," इंद्रजीत म्हणाला. त्यानं हातातलं पान तिच्यापुढं धरलं. "आई, घे. खोटं बोलले म्हण. हितंच संपवून टाकू."

विजयमालानं पान घेतलं. ओलं होतं, हाताला गार लागलं. हे आपल्यावर येईल, हा विचारच तिनं केला नव्हता. ती म्हणाली, "मी खोटं बोलले. त्यो घरी नव्हता. मी झोपले हुते, त्यो नंतर आला."

"पण का?" अनिलकुमार म्हणाले. "कशाला घाबरलात तुम्ही?"

तिथं तिला गप्प बसता आलं असतं. पोलिसांना घाबरले, लोकांना घाबरले, असं काहीही चाललं असतं, आणि सगळे घरी गेले असते. पण ती केमची होती आणि पान तिच्या हातात होतं. महादेवापुढं अर्धं खरं बोललं तर पोराचंच वाटोळं होईल, अशी भीती तिच्या मनात बसली. तिनं पिंडीकडं बघितलं, पोराकडं बघायची तिची छाती झाली नाही.

"ह्यो आला तवा शर्ट भिजलेला हुता," ती म्हणाली. "बाईंना बघून आले आन् मला वाटलं... मला वाटलं, ह्येनंच केलं. म्हणून घरी हुता म्हणले. शर्ट बी म्हणूनच धुतला."

देवळातल्या माना खाली गेल्या. अनिलकुमारसुद्धा खाली बघायला लागले. इतके दिवस ज्यांनी जे जे म्हटलं होतं ते सगळं तिनं त्यांच्या आधी, त्या पहिल्याच दुपारी, मनात म्हणून टाकलं होतं. सोलापुरात इंद्रजीतवर पहिला संशय आला तो त्याच्या आईला.

इंद्रजीतनं तिच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हणून धुतलास व्हय." एवढंच. तिच्या हातातलं पान काढून त्यानं पिंडीवर ठेवलं, तिला दंडाला धरून उठवलं, बाहेर आल्यावर तिच्या चपला शोधून पायापुढं ठेवल्या. गाडीवर मागं बसवून घरी आणलं. वाटेत खड्डा आला की "धरून बस" म्हणत होता. त्याचा तो आवाज ऐकून तिला वाटलं, ओरड बाबा, शिव्या दे, हाताला धरून घराबाहेर काढ. त्यानं दारात गाडी थांबवली आणि हात देऊन तिला उतरवलं.

आता नशिबाचा खेळ बघा. आईचा जबाब फिरला, तसा पोलिसांना सगळा कागद नव्यानं मांडावा लागला. तो घरी नव्हता, तर होटगीला होता का हे आता नीट बघणं आलं. साहेब स्वतः गेले. स्टेशनच्या बाहेर शरणप्पा नावाचा म्हातारा भजी तळत बसतो, त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "हा पोरगा की! मला कुणी इचारलंच न्हाय अजून. लई येळ बसला हुता बाकावर. उनानं चक्कर आली त्येला, मीच नळाखाली बसवलो. टाकीचं पानी गंजलेलं, तांबडं येतंय, कापडं खराब हुत्यात म्हनालो, ते बी ऐकला न्हाय." त्या दिवशी उशिरा आलेली एक गाडीही त्याला आठवत होती, ती गेल्यावरच पोरगा उठला होता. साहेबांनी गाडीची वेळ ताडून बघितली आणि इंद्रजीतचं नाव कायमचं खोडलं.

लोकांचंही मन एवढं मोठं, की त्यांनी त्याला महिन्याभरात माफ करून टाकलं. न केलेल्या गोष्टीबद्दल माफ करायला काय लागतं? आता शहर दुसऱ्याच कुणाच्या मागं आहे, केबलवाल्याच्या म्हणे. पहिलं बोलावणं अनिलकुमारांकडूनच आलं, कूलरची मोटर जळाली होती. इंद्रजीतनं ती दुरुस्त करून दिली आणि चहा घेऊन आला. खून कुणी केला ते आजही कळलेलं नाही. बाईंच्या घराचं सील निघालंय, पण भाडेकरू टिकत नाही.

विजयमालानं त्याचे पाय धरायचं बाकी ठेवलं नाही. तो म्हणतो, "सोड गं आई, झालं गेलं." तो तिच्याशी चांगलं बोलतो. जेवतो, चटणी मागून घेतो, औषधं आणून देतो. कधी आवाज चढवत नाही, आणि पूर्वी तर दिवसातून दोनदा चढवायचा. गल्लीतल्या बाया म्हणतात, पोरगा किती सुधारला.

फक्त एक झालंय. तो घरी आला की चपला काढता काढता, ती काही विचारायच्या आधीच सांगतो. "विजापूर रोडला हुतो. कुलकर्ण्यांची मोटर. दोघं नवराबायको घरी हुते." एसटीनं गेला तर तिकीट खिशातून काढून ओट्यावर ठेवतो. केस कापायला गेला, तर खुर्चीत दुसरं कोण बसलं होतं त्याचं नाव सांगतो.

परवा तो कोपऱ्यावर दही आणायला गेला होता. आला, दह्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "दुकानात गुरप्पा हुता. त्येनं बघितलंय मला."

"बरं," विजयमाला म्हणाली, आणि दही भांड्यात काढायला आत गेली.